सहावी पाकळी

विणायचं ताईने आणि ताठ करायचं मी, अशी आमच्या घरात पहिल्यापासून वाटणी. ताई क्रोशाच्या सुईने पांढऱ्या दोऱ्याची बर्फफुलं विणते. थंडीत लोक ती खिडक्यांना टांगतात, म्हणून दुकानवाली वर्षभर आमच्याकडून घेऊन साठवून ठेवते. पण सुईवरून नुकतं उतरलेलं फूल कधी बघितलंय का कोणी? पिळून टाकलेल्या मोज्यासारखं दिसतं. ते खळीत बुडवायचं, दोन तळव्यांत दाबून निथळवायचं, पाटावर पसरायचं, एकेक पाकळी ओढून टाचणी मारायची आणि पंख्याखाली वाळू द्यायचं. मग कुठे त्याला फूल म्हणावंसं वाटतं. हे सगळं मी करते. आणि दुकानवाली विचारते काय, तर "मोठ्या बाईंची फुलं आली का?" असो. मोठ्या बाई माझ्याहून देखण्याही होत्या, तेव्हा मला याची सवय जुनी आहे.

आम्ही दोघी बहिणी. ताईचा नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. मी लग्नच केलं नाही. का ते विचारू नका. ताईनेही कधी विचारलं नाही, आणि तिच्याबरोबर इतकी वर्षं निभली त्याचं हे एक कारण. दोन खोल्या, तिसरा मजला, स्वयंपाकघराला लागून एक बंद केलेली गॅलरी. गॅलरीत माझं टेबल. दिवसभर ती आतून बोलायची, मी बाहेरून ओ द्यायची. भांडायचोही भरपूर. माझे केस पांढरे होऊन जमाना झाला, पण मला ती अजून "चिंगे" म्हणायची.

माझा पाट म्हणजे थर्मोकोलचा जाड तुकडा. त्यावर कागद, कागदावर मधल्या ठिपक्यातून निघालेल्या सहा रेघा, आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे फूल चिकटत नाही. बर्फफुलाला पाकळ्या सहा. पाच नाहीत, सात नाहीत. टाचण्या न गंजणाऱ्या लागतात, नाहीतर पांढऱ्यावर तांबडे डाग पडतात आणि मग बसा रडत. आधी मधली टाचणी, मग समोरासमोरच्या पाकळ्या, जोडीने.

तर एक दिवस मी एका पाकळीला टाचणी मारली, तिच्या समोरची ओढायला गेले, आणि समोर पाकळीच नाही. वाटलं, घडीत अडकली असेल. उलटं केलं, सुलटं केलं. पाचच.

"ताई, हे काय विणून ठेवलंयस? पाचच पाकळ्या आहेत."

"डोळे तपासून घे तुझे," ती आतून म्हणाली. "मी डोळे मिटून विणलं तरी सहा होतील."

"मग डोळे उघडून विण."

आम्ही दोघी हसलो. त्या वेळी खरंच हसलो. कोणाच्या हातून चूक होत नाही?

मग आणखी यायला लागली. कुठे पाच, कुठे सात. एका फुलाची पाकळी तर नुसत्या साखळ्या-साखळ्या करत वीतभर लांब गेली होती, तिला वळून परत यायचं सुचलंच नव्हतं. मी ती फुलं गुपचूप खणात टाकत गेले. दमली असेल, दोरा बारीक असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याला कारणांचा तोटा नसतो.

मग ते चहाचं झालं. माझी खळ म्हणजे पांढरा डिंक आणि पाणी. सारखं ढवळलं की थेट दूध. वर्षानुवर्षं मी ती एका पातेलीत करून ओट्यावर झाकून ठेवत आले होते, कधी कोणाची गल्लत झाली नाही. त्या दुपारी ताईने चहा केला आणि माझा कप गॅलरीत आणून दिला. पहिला घोट घेतला आणि ओठाला ओठ चिकटला. मी कप टाकून आत धावले. ताई शांतपणे बसून पीत होती. अर्धा कप संपला होता. तिच्या वरच्या ओठावर सायीसारखा पापुद्रा वाळत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"आज दूध जरा दाट आलंय," ती म्हणाली.

मी कप हिसकावला, तिला चुळा भरायला लावल्या आणि वाट्टेल तशी ओरडले. इतकी, की शेवटी तीच माझी पाठ थोपटून "जाऊ दे गं" म्हणायला लागली. मग मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. आता स्वतःला फसवायला जागा उरली नव्हती. त्या दिवसापासून खळीची पातेली माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. चहा मी करायची, गॅसही मीच लावायची.

पण कोणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या समोरच्या इमारतीत एक मास्तरीणबाई राहायच्या. त्यांचं असंच सुरू झालं, तर मुलाने त्यांची "सोय केली". सोय हा शब्द मला तेव्हापासून ऐकवत नाही. सहा महिन्यांनी मी त्या वृद्धाश्रमात भेटायला गेले, तर बाई खुर्चीला पट्ट्याने बांधलेल्या होत्या, पडू नयेत म्हणून. ज्या बाईने शेकडो पोरांना उभं राहायला शिकवलं, ती. डॉक्टरकडे ताईला नेलं असतं तर निदान झालं असतं, निदान झालं की मुलाला सांगावं लागलं असतं, आणि मुलाने सोय केली असती. मला माझी बहीण माझ्या घरात हवी होती. एवढंच हवं होतं, दुसरं काही नाही.

म्हणून मी फुलं दुरुस्त करायला लागले. सातांतली एक कापायची, पाचांच्या रिकाम्या जागी लावायची, सांध्यावर घट्ट डिंक, वरून खळ. वाळलं की कोणाच्या बापाला कळत नाही. उजेडात धरून बघितलं तर सांधा दिसतो, पण खिडकीला टांगलेलं फूल इतकं निरखतंय कोण? दुकानवाली म्हणाली, "मोठ्या बाईंचा हात अजून तसाच आहे हो." मी म्हटलं, "तसाच."

फुलांचं जमलं तसं ताईचंही जमवायचं मी ठरवलं. भाचा अधूनमधून फोन करतो. त्याच्या आधी मी तिची उजळणी घ्यायची. मी टाचण्या मारत विचारायची, ती विणत उत्तर द्यायची. आज वार कोणता? नातीचं नाव काय? ती किती महिन्यांची? सुनेला काय विचारायचं? तिने मान धरली का, दात आले का. पहिले काही दिवस चुकायची आणि चिडायची. "मी काय शाळेत आहे?" म्हणायची. "शाळेत असताना तरी कुठे अभ्यास केलास," मी म्हणायची. हळूहळू उत्तरं बसली. त्याच क्रमाने विचारलं की त्याच क्रमाने यायची, एकसुद्धा टाका न गळता.

अशात भाच्याचा फोन आला. "मावशी, रविवारी येतोय. आईला जरा बघायचंय. पुढचं काय ते ठरवायला हवं."

पुढचं काय ते, म्हणजे काय? एकदा फोनवर ताई त्याला "तुझे बाबा फिरून येतील इतक्यात" म्हणाली होती, मी पटकन फोन घेऊन थट्टेवारी नेलं होतं. त्याला संशय आला असणार. मी कंबर कसली. आठवडाभर सकाळ-दुपार उजळणी. ताईला न्हाऊ घातलं, केस नीट बांधले, बटणं मीच लावली. टेबलावर ताठ, पांढरीशुभ्र, सहा-सहा पाकळ्यांची फुलं मांडून ठेवली.

रविवारी तो आला. आईच्या पाया पडला, जवळ बसला. ताईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आज रविवार, म्हणून तुला सुट्टी." मग नातीचं नाव घेतलं. कितवा महिना ते सांगितलं. "मान धरली का? दात येतायत का?" सगळं कसं ओळीने. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मनातल्या मनात पुढचं पुढचं म्हणत होते. भाच्याने टेबलावरचं एक फूल उचललं. "आई, तुझा हात अजून काय सुरेख चालतो," तो म्हणाला. मी सुटकेचा श्वास टाकला.

"मग माझं ठरलं," तो म्हणाला. "आई, तू माझ्याकडे चल. आजच. हिची रजा संपली, उद्यापासून ती कामावर जाणार. बाळाला परक्याकडे ठेवायचा धीर होत नाही. आम्ही दोघं बाहेर गेलो की तू आणि नात. मला फक्त बघायचं होतं, तुला झेपेल का. फोनवर कधी कधी वाटायचं, आई थकली. थकली असतीस तर मी म्हणणारच नव्हतो. इथे मावशीजवळ तू सुखात आहेस."

करायला गेले काय आणि वरती झाले पाय. मी जे जे झाकलं होतं त्यानेच ती चालली होती. नुसतं गप्प राहिले असते, केस विस्कटलेले ठेवले असते, तर तो जेवून परत गेला असता.

आणि ताई. तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. किती वर्षांत तिला कोणी "तू हवीस" म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं का? मीही नाही. ती उठली, आत गेली आणि कपाटातून पिशवी काढून कपडे भरायला लागली, गुणगुणत.

मी भाच्याला गॅलरीत ओढलं, दार लोटलं. "तिला नेऊ नकोस. ती ठीक नाही."

"म्हणजे?"

सांगितलं सगळं. उजळणी, फुलं, चहा. तो ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू दया आली. माझ्याबद्दलची. "मावशी, तू एकटी पडशील, हे मला कळतं. मी दर महिन्याला तिला आणीन इकडे."

"अरे, तिने डिंकाचा चहा प्यायला. उद्या तिच्या हातात बाळाची बाटली असेल."

"एकदा गडबड झाली असेल. मावशी, असं काहीतरी बोलून तिला अडवू नकोस गं. ती बघ किती खूश आहे."

मी एकटी पडणार होते हे खरंच होतं, म्हणून मला धड रागावताही येईना. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्यातली एक फक्त माझी होती, आणि दुसरीत एक तान्हं पोर होतं. बोलून पटणार नव्हतं. एकच उपाय होता आणि तो मला त्या क्षणी दिसला, आणि तो दिसला म्हणून माझी मलाच किळस आली.

"ताई," मी हाक मारली. "जाण्याआधी हे एक फूल पाटावर लाव."

"ते तुझं काम."

"आज तू लाव. उद्या नातीला शिकवायचंय ना?"

ती हसत आली. सकाळीच तिच्या सुईवरून उतरलेलं फूल मी खळीत बुडवून तिच्या हातात दिलं. मी मोजलं होतं. पाच होत्या.

तिने मधली टाचणी मारली. एक पाकळी रेघेवर ओढली, टाचणी. दुसरी, टाचणी. हात जुना, सराईत. भाचा माझ्याकडे बघून हसला, म्हणजे बघ, काय सांगत होतीस. पाचवी लागली आणि ताईची बोटं सहाव्या रेघेवर जाऊन थांबली. तिथे काही नव्हतं. तिने फुलाखाली चाचपलं. मग पहिल्या पाकळीची टाचणी काढून ती पाकळी रिकाम्या रेघेवर ओढली. आता पहिली रेघ रिकामी. मग दुसरी काढून पहिलीवर आणली. दुसरी रिकामी. असं करत ती गोल गोल फिरत राहिली. टाचण्या बोटात घुसत होत्या, खळ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती. ताणून ताणून एक टाका तुटला.

"आई, राहू दे," भाचा म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं.

"थांब रे, एक आहे कुठेतरी." तिने पाट उचलून खाली बघितलं. मग गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधायला लागली. फरशीवर हात फिरवत होती. "इथेच असेल. आत्ता तर होती."

अजून काय दाखवायचं राहिलं होतं? पण मला वाटलं, त्याला पुन्हा शंका यायला नको. मी खण उघडला. पाचांची फुलं, सातांची फुलं, दिशाहीन गेलेल्या साखळ्या, आणि मी कापून ठेवलेल्या सुट्या पाकळ्यांचा ढीग.

ताई टेबलाला धरून उठली, आणि तिला खण दिसला. तिने एक सुटी पाकळी उचलली. खण, माझी कात्री, मी, असं तिने ओळीने बघितलं. इतकं लख्ख तिने कित्येक महिन्यांत माझ्याकडे बघितलं नव्हतं.

"तू कापतेस," ती म्हणाली. "माझ्या पाकळ्या तू कापतेस, चिंगे. आणि मला वेडी ठरवतेस."

कापल्या तर मीच होत्या. मी तिचा हात धरायला गेले, तिने सोडवून घेतला. ती भाच्याकडे वळली आणि म्हणाली, "मला घेऊन चल. इथे मला ठेवू नकोस." तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. चांगला बाप्या माणूस, पण रडला.

संध्याकाळच्या आत तो निघाला, एकटाच. दारात मला म्हणाला, "मावशी, आई तुझ्याकडेच बरी." मला जे हवं होतं तेच. ताई पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसून राहिली. जेवली नाही. पिशवी सोडू का विचारलं तर तिने ती दोन्ही हातांनी कवटाळली.

त्यानंतर सगळं भराभर गेलं. मुलगा येऊन गेला हे ती आठवडाभरात विसरली. मग नातीचं नाव गेलं, मग नात आहे हेच गेलं. नवरा गेलाय हे रोज नव्याने कळायचं, आता तेही विचारत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच होणार, नवं आधी जातं. पण ते फूल नवं होतं ना? ते का गेलं नाही? त्या एका दुपारचं तिने सगळं धरून ठेवलंय. मी कात्री घेतली की ती सुई लपवते. विणलेली फुलं मला देत नाही, उशीच्या अभ्र्यात कोंबते. चुरगळलेली, मऊ, तीन पाकळ्यांची, दोन पाकळ्यांची. पाट मी भिंतीला उभा करून ठेवलाय. दुकानवालीला सांगितलं, यंदा नाही.

मी बरोबर केलं. हे मी स्वतःला दिवसातून अनेकदा सांगते, आणि ते खरंही आहे. भाच्याची मुलगी आता चालायला लागली, असं फोनवर कळलं.

परवा दुपारी मी ताईला भरवत होते. हल्ली भरवावं लागतं. तोंड पुसलं, केस मागे केले. तिने माझा हात हातात घेतला, किती दिवसांनी. थोपटला.

"तुम्ही फार करता हो माझं," ती म्हणाली. "कोणाच्या कोण तुम्ही."

"असू दे," मी म्हटलं.

तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगू? माझी एक धाकटी बहीण आहे, चिंगी म्हणून. ती इथे येईल मला शोधत. तिला आत घेऊ नका."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"नाही घेत," मी म्हटलं.